मान खाली घातली, असं मी सांगितलं

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक गैरसमज पसरला आहे आणि तो पसरवण्यात माझ्या मुलाचाच हात आहे. "बाबा रोज संध्याकाळी अंध लोकांच्या सेवेला जातात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. परवा समोरच्या घरच्या सूनबाई तेवढ्यासाठी माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला आणि गप्प बसलो. गप्प बसण्याची ही सवय मला एकदा चांगलीच भोवली आहे, म्हणून या वेळी लिहूनच टाकतो.

सेवा वगैरे काही नाही. सक्करदऱ्यात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून माझा एक मित्र आणि वहिनी राहतात. दोघांनाही दिसत नाही. त्यांच्या बैठकीत बसून आम्ही तिघांनी टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका पाहिली. पडद्यावर जे दिसतं ते सांगायचं, एवढंच माझं काम होतं. ते काम मी नीट केलं नाही आणि त्यामुळे वहिनींना चारचौघांत कमीपणा आला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे. पण पाया पडणाऱ्यांनाही कळायला हवं.

मित्र जन्मापासून अंध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. वहिनींची दृष्टी शाळेत जायच्या वयात तापात गेली. त्यामुळे वहिनींना रंग आठवतात. मित्राला रंग म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि त्याची फिकीरही नाही.

"लाल म्हणजे गरम अन् निळा म्हणजे थंडा, असं मले शाळेत शिकवलं," तो सांगतो. "मंग थंडा टमाटर कोणत्या रंगाचा, असं विचारलं तर मास्तरनं कान पिळला."

माझी ओळख आधी वहिनींशी झाली. गांधीबागेतल्या एका साड्यांच्या दुकानात मी उभा जन्म काढला. उभा म्हणजे बसूनच, पांढऱ्या गादीवर. एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, "हिरवी दाखवा." मी सवयीने विचारलं, "कोणती हिरवी? पोपटी, शेवाळी, मेंदी, चिंतामणी?" त्या थबकल्या. "चिंतामणी म्हणजे कसा?" मी म्हणालो, "मोराच्या मानेवर निळा संपतो आणि हिरवा सुरू होतो ना, त्या जागेचा." त्यांनी ती साडी घेतली. पुढे जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा माझ्यासमोरच बसल्या.

मग मी निवृत्त झालो. नंतर माझी बायको गेली. मुलगा-सून दोघं कामावर, आणि संध्याकाळी घर मला खायला उठायचं. अशाच एका संध्याकाळी भाजीच्या गाडीवर मी भाव करत होतो, तर मागून आवाज आला, "तुम्ही चिंतामणी रंगवाले नं?" वहिनी होत्या. शेजारी नवरा पांढरी काठी घेऊन उभा. घर जवळच निघालं. त्या दिवशी चहाला गेलो तो अजून जातोच आहे.

मालिकेचं खूळ मित्राने काढलं. त्याचा बोलणारा फोन दिवसभर त्याच्या कानाशी असतो. एकदा म्हणाला, "दोन पोरं भांडून राहिले होते गा. कोणत्या तरी जपानी कार्टूनमधे आकाशात मासोळ्या पोहतात, त्या म्हणजे काय, यावर. एक म्हणे मौत, दुसरा म्हणे मुक्ती. शिव्यांवर आले शेवटी. ज्याच्यावर लोक एवढे भांडतात ते आपण काहून पाहू नये?"

"कार्टून? या वयात?" मी म्हणालो.

"मंग तुले कीर्तन लावून देऊ?"

फोन टीव्हीला जोडणं वगैरे सगळं त्यानेच केलं. मला अजून जमत नाही.

मालिका हिंदीत बोलत होती, त्यामुळे गोष्ट समजायला अडचण नव्हती. समुद्रकाठचं एक लहान गाव. तिथून एक बोट गेली आणि परत आली नाही. बोटीवर एका मुलीची मोठी बहीण होती. गावातले सगळे म्हणतात, बोट येईल. ती मुलगी घरोघरी जाऊन विचारते, कधी येईल? एवढीच गोष्ट. पण बोलणं कमी आणि चित्रं फार. घरांच्या गच्च्यांवर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या, आणि प्रत्येक भागात त्या वाढत गेलेल्या. समुद्रात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. विजेच्या तारांवरून पोहत जाणारे मासे. गोष्टीतलं कोणीही यातल्या कशाबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि या कशालाच आवाज नाही.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. मे महिना होता. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून तो बंद केला. तिघांच्याही अंगाला घामाच्या धारा. मी पडद्यावरची माणसं बोलत असतानाच सांगत सुटलो. "एका टायमाले एकच जण बोला," मित्र ओरडला, "तू तरी नाही तर ते जपानी तरी!" मग कळलं की दोन वाक्यांच्या मधल्या फटीत सांगायचं असतं. त्या फटीत काय बसवायचं आणि काय सोडायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"पांढऱ्या चादरी आहेत," मी म्हणायचो.

"कोणत्या पांढऱ्या?" वहिनी. "मोतिया?"

"नाही. धुवून नीळ दिलेल्या."

"हं. आता दिसल्या."

मित्राचं वेगळंच. "रंग तिले सांग, मले जागा सांग. चादर पोरीपासून किती लांब आहे? हात लांबवला तर लागते का?" मी पुन्हा पडद्याकडे पाहायचो. तोपर्यंत मी ते पाहिलेलंच नसायचं. "लागते," मी म्हणायचो. "मांगच्या भागात तर तू म्हणला होता, गच्चीच्या त्या टोकाले होत्या. मंग जवळ येऊन राहिल्या न त्या!" खरंच येत होत्या. डोळे माझे, पण दिसलं त्याला.

असं छान चाललं होतं. दुसऱ्या भागात ती मुलगी एका दुकानात जाते आणि म्हाताऱ्या दुकानदाराला विचारते, "बोट येईल ना?" तो म्हणतो, "येईल की, या आठवड्यात येईलच." आणि हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरचे डोळे नाहीसे होतात. मिटत नाहीत, नाहीसेच होतात. छपाई चुकलेल्या कापडावर जशी कोरी जागा राहते, तशी डोळ्यांच्या जागी कोरी कातडी. नाक जागेवर, तोंड जागेवर. तोंड हसतं आहे, बोलतं आहे.

मी दचकलो. माझ्यासमोर ते दोघं टीव्हीकडे कान लावून बसलेले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"दुकानदारानं मान खाली घातली," मी म्हणालो.

पुढे शाळेतल्या बाईंचे डोळे गेले. मग पोस्टमनचे. मग त्या मुलीच्या आईचे. ज्याने म्हटलं बोट येईल, त्याचे गेले. मी दर वेळी म्हणालो, मान खाली घातली.

हे मी का केलं, याचा नंतर पुष्कळ विचार केला. आमच्या दुकानात एक रीत होती. कोणी शिकवली नव्हती, पण गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला येत होती. बायकांच्या घोळक्यात एखादी विधवा असली, की तिच्यापुढे लाल, हिरवं, जरीचं टाकायचं नाही. विचारायचंही नाही. हात आपोआप फिक्या रंगांच्या गठ्ठ्याकडे जायचा. आम्हाला वाटायचं, आपण तिचं मन राखलं. तिची नजर कोणत्या साडीवर गेली होती, ते आम्ही कधी पाहिलं नाही. तसंच इथे झालं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे जातात, हे या दोघांसमोर कसं बोलायचं? हात आपोआप दुसऱ्या गठ्ठ्याकडे गेला.

एकदा बदललं की बदलत राहावं लागतं. मित्राच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"काय गा, या गावात सगळ्याईले मानेचा पट्टा लागते का? जो तो मान खाली घालून राहिला."

"थट्टा नका करू तुम्ही," वहिनी त्याला म्हणाल्या. "शरम वाटते त्याईले. खोटं बोलावं लागते, पण वर पाहून बोलवत नाही." आणि मग त्यांनी त्यावर सगळी गोष्ट उभी केली. हे गाव लाजेनं वाकलेलं आहे. बोट बुडाली हे सगळ्यांना माहीत आहे, पण पोरीच्या तोंडावर सांगवत नाही. त्या आईवर तर त्यांचा फार जीव जडला. "बिचारी," त्या म्हणायच्या, "किती वेळा मान खाली घालते." मी पडद्यावर पाहायचो. आई ताठ उभी असायची, कोऱ्या चेहऱ्याने हसत.

मालिका संपली. त्यांचा दृष्टिहीन मंडळींचा फोनवर जमणारा एक गट आहे, वेगवेगळ्या गावांतला. रविवारी दुपारी सगळे एकत्र येतात आणि ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींवर बोलतात. मित्र तिथे नेहमी बोलायचा, वहिनी फक्त ऐकायच्या. त्या गटात आणखीही काही जणांनी ही मालिका पाहिली होती. वहिनी म्हणाल्या, "या रविवारी मी बोलीन." आठवडाभर त्या भाजी चिरताना, कपडे घड्या करताना पुटपुटत होत्या. रविवारी मी गेलो तेव्हा त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या.

"फोनवर साडी कोण पाहाते वं?" मित्र म्हणाला.

"मी नेसली हे मले माहीत आहे न," त्या म्हणाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गटातल्या बाकीच्यांना त्यांच्या सांगणाऱ्यांनी खरं सांगितलं असणार, हे मला समजत होतं. पण त्यांनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि मी पोहे खाऊ लागलो.

वहिनी सुरेख बोलत होत्या. त्या लाजेपर्यंत आल्या, आणि अमरावतीची एक कॉलेजातली मुलगी मधेच म्हणाली, "काकू, मान खाली नाही घालत कोणी. डोळे जातात ना त्यांचे?"

"डोळे?"

"चेहऱ्यावरून डोळेच जातात. खोटं बोलले की."

"तसं काही नाही आहे बेटा," वहिनी म्हणाल्या. "आम्हाले सांगणारे भाऊजी जन्मभर कापडाच्या दुकानात होते. त्याईच्या नजरेतून एक धागा सुटत नाही."

कोणीतरी हसलं. "मग काकांना डुलकी लागली असेल!" आणखी काही जण हसले. वहिनींचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन माझ्या दिशेने धरला. "भाऊजी, तुम्हीच सांगा याईले."

मी म्हणालो, "प्रत्येकाच्या पाहण्यात थोडा फरक असतो."

मग कोणीतरी खाकरून दुसरा विषय काढला. वहिनींचं बोलणं अर्धंच राहिलं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "त्या पोरीले कोणीतरी भलतंच सांगितलं वाटते. चहा ठेवते." त्यांनी तेव्हाही माझ्यावरच विश्वास ठेवला. तो चहा मी प्यायलो. कसा प्यायलो, माहीत नाही.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. मित्राचा फोन आला की सांगायचो, गुडघा दुखतो. काही दिवसांनी दुपारच्या उन्हात दारावर काठीचा आवाज झाला. तीन गल्ल्या पार करून तो एकटा आला होता. आत येऊन बसला आणि म्हणाला, "कोणता गुडघा?" मी हात धरून दाखवला. त्याने तो चांगला दाबून पाहिला.

"यात काही नाही," तो म्हणाला. "काय लपवून राहिला ते तिले सांग. मले नको सांगू. तिले."

"तुला माहीत होतं?"

"काय ते नाही माहीत. पण दुसऱ्या भागापासून तू मान खाली घातली म्हणायच्या आधी थुका गिळून राहिला होता. अरे, बँकेत मीच हजारदा सांगितलं लोकांले, साहेब मीटिंगमधे आहेत म्हणून. खोटं बोलाच्या आधी गळा काय करते, मले विचार."

"मग मला आधी का नाही विचारलंस?"

"मले वाटलं, तू सांगशील."

मी त्याच्याबरोबर निघालो. रस्ताभर माझ्या कोपराला त्याचा हात होता.

वहिनी गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे डोळेच नाहीत?"

"नाहीत. कोरी कातडी."

"अन् मान?"

"मान ताठ. बहुतेक जण हसत असतात."

"आई पण?"

"आई पण."

आता हात थांबले. "तुम्ही त्या सगळ्याईले शरम देऊन टाकली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईच्याजवळ नव्हती."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी फक्त एक चित्र झाकलं. मी तर अख्खं गाव बदलून ठेवलं होतं. निलाजरेपणानं खोटं बोलणारी माणसं मी पश्चात्तापी करून टाकली होती, आणि त्या बाईने त्यांच्यावर माया केली होती.

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," मी म्हणालो. "डोळे नसणं म्हणजे खोटेपणा, असं..."

"आमचे तर कायमचेच गेले. मंग आम्ही काय दिवसभर खोटं बोलतो? ज्याले आहेत त्याचे जातात तिथं. तो तुमच्या लोकांचा रोग आहे, आमचं काय त्यात?"

मित्र खो खो हसला. वहिनी हसल्या नाहीत.

"डोळ्यांचं मले काही नाही वाटलं. मी तुमच्यासाठी भांडली, भाऊजी. अन् तुम्ही बाजूले बसून पोहे खाऊन राहिले होते."

खरं होतं. खात होतो.

"मले काय दाखवाचं अन् काय नाही, हे ठरवाले मी गिऱ्हाईक आहे का तुमची?" दुकानातली ती रीत मी त्यांना कधी सांगितली नव्हती. त्या आपल्या रागात बोलून गेल्या, पण घाव बरोबर तिथेच बसला.

मग म्हणाल्या, "गटात सांगा. तुमच्या तोंडानं. मी नाही सांगणार."

गटाला बोलून निरोप पाठवायचा म्हणून मित्राने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी सुरुवात केली, "मंडळी, मागच्या वेळी थोडा गैरसमज झाला..."

"पुसा ते," वहिनी म्हणाल्या. "गैरसमज नाही झाला."

पुन्हा म्हणालो, "चांगल्या हेतूनं मी..."

"हेतू कोणी विचारला? पुसा."

तिसऱ्यांदा मी म्हणालो की डोळे जातात हे मला दिसत होतं, मी ते लपवलं, वहिनींना खोटं सांगितलं, त्या जे बोलल्या ते माझ्या भरवशावर बोलल्या आणि मला विचारलं तेव्हाही मी खरं बोललो नाही. वहिनी म्हणाल्या, "हं. पाठवा."

उत्तरं आली. अमरावतीची मुलगी आधी पुष्कळ हसली आणि मग म्हणाली, "काका, माझा भाऊ पण आधी सांगत नव्हता. मी चिमटा काढला तेव्हा सांगितलं. काकू, सॉरी हं, मी असं मधे बोलायला नको होतं." वर्ध्याचे एक वयस्कर गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "दिसणारी माणसं असंच करतात. आमच्या ताटातला ठेचा आम्हाला न विचारता काढून घेतात आणि वर म्हणतात, तुमच्याच पोटाची काळजी. मी काही हे माफ करणार नाही." त्यांनी अजून केलेलं नाही. त्यांनी करावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मी उठलो. चप्पल घालत होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "उद्या पहिल्या भागापासून. पूर्ण."

"चूक याची अन् सजा मले!" मित्र म्हणाला.

मला त्या शब्दांनी किती हलकं वाटलं ते लिहिता येणार नाही. मी धरून चाललो होतो की हे दार बंद झालं.

दुसऱ्यांदा पाहिली ती वेगळीच मालिका होती. "दुकानदाराचे डोळे गेले. मान ताठ आहे. हसतो आहे," मी म्हणायचो आणि वहिनी तोंडाने चक् असा आवाज करायच्या. आईचा तर त्यांना राग येऊ लागला. "कशी बाई आहे! पोटची पोरगी विचारून राहिली!" आणि मित्राने एक दिवस विचारलं, "ज्याचे डोळे गेले तो चादरीले अडखळते का? का सरळ चालला जाते?" मी भाग मागे नेऊन पाहिला. ज्यांचे डोळे गेले होते ती माणसं चादरींमधून सरळ जात होती, जणू तिथे काही नाहीच. फक्त ती मुलगी चादरी बाजूला सारत चालायची. "मंग त्या चादरी म्हणजे बोटीवरचे लोक आहेत," तो म्हणाला. "घराकडे येऊन राहिले. अन् कोणी पाहात नाही त्याईच्याकडे." मी मालिका दोनदा डोळ्यांनी पाहिली होती. मला हे दिसलं नव्हतं.

शेवटच्या भागात आई आणि मुलगी किनाऱ्यावर उभ्या असतात. मुलगी शेवटचं विचारते. या वेळी आई काही म्हणत नाही. तिचे डोळे चेहऱ्यावर असतात, भरलेले. ती मुलीकडे पाहते. आणि मग मान खाली घालते.

पहिल्या वेळी हे आलं तेव्हा मी नेहमीचंच वाक्य म्हणून मोकळा झालो होतो. इतक्या वेळा वापरलेलं ते वाक्य, त्याकडे कोणाचं लक्षही गेलं नव्हतं. या वेळी मला ते येताना दिसलं आणि मी पुढे सरकून बसलो.

"काय झालं?" वहिनी.

"आईचे डोळे आहेत," मी म्हणालो. "पाणी आहे त्यात. आणि तिनं मान खाली घातली. खरंच घातली."

"थांबवा जरा," वहिनी म्हणाल्या. मित्राने थांबवलं. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"हे तुम्ही माझ्यापासून नेलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"आता आलं." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

पुढच्या रविवारी त्या गटात बोलल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सगळ्या गोष्टीत एकच माणूस एकदाच मान खाली घालतं, त्यासाठी मधले सगळे भाग आहेत, असं त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी काढलं नाही. मला मात्र शेजारी बसवून ठेवलं होतं. अमरावतीची मुलगी म्हणाली, "काकू, हे माझ्या लक्षातच नाही आलं. मला पण परत पाहावी लागेल."

मी एकदा मित्राला विचारलं, मला का ठेवलंत? आता फोनसुद्धा चित्राचं वर्णन करतो. त्याने मला ते ऐकवलंही होतं. फोन म्हणाला होता, एक व्यक्ती उभी आहे, मागे कपडे आहेत. खोटं तर बोलत नाही बिचारा.

"खोटं बोलत नाही," मित्र म्हणाला, "पण त्याच्याशी भांडता येत नाही गा. अन् तू घरी बसून काय करशील?"

सेवा कोण कोणाची करतं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझी संध्याकाळ त्यांनी भरून काढली आणि मला पाहायला शिकवलं, एवढं मला माहीत आहे. गांधीबागेत इतकी वर्षं नजर विकून जे आलं नाही ते त्या बैठकीत आलं.

सध्या आम्ही दुसरी मालिका लावली आहे. ती पहिलीपेक्षाही अवघड आहे. वहिनींनी सुरुवातीलाच सांगितलं, "भाऊजी, नाही समजलं तर नाही समजलं म्हणा." परवा पडद्यावर एका रिकाम्या स्टेशनावर एक उंट उभा होता. गोष्टीत कुठेच उंट नाही.

"उंट आहे," मी म्हणालो. "का आहे ते मला समजलं नाही."

"कोणत्या बाजूले तोंड आहे त्याचं?" मित्राने लगेच विचारलं.

"रुळांकडे."

"मंग तो वाट पाहून राहिला."

"काही नाही, तो उतरला आहे गाडीतून," वहिनी म्हणाल्या.

"उंट गाडीतून कसा उतरन वं?"

"कार्टूनमधे उतरते. मासोळ्या नाही पोहत आकाशात?"

त्यांचं जुंपलं. मालिका पुढे निघून गेली, ती कोणी थांबवली नाही. मीही मग त्यात पडलो. माझं मत असं होतं की उंट त्या दोघांनाही चुकवून पळालेला आहे. ते कोणालाच पटलं नाही.